लाल बटू ताऱ्यांभोवतीचे वायुग्रह: प्रकाशवक्रापासून वातावरणापर्यंत

सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गुरूएवढा ग्रह सरकला तर ताऱ्याचा प्रकाश जेमतेम १ टक्क्याने घटतो. जंबुक तारकासमूहातल्या टीओआय-५२०५ या ताऱ्यासमोरून तेवढाच ग्रह जातो, तेव्हा घट ७ टक्क्यांच्या आसपास असते. सिंहेतल्या टीओआय-६८९४ समोरून त्याहून थोडा लहान ग्रह जातो, तेव्हा तर ती १७ टक्क्यांवर पोचते. दोन्ही तारे लाल बटू, म्हणजे सूर्याहून बरेच लहान, थंड आणि मंद. दुसऱ्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे २३ टक्के आहे. नारळासमोरून लिंबू जावे असे हे प्रमाण.

खूण इतकी ठळक असूनही हे काम अवघड आहे. लाल बटूंभोवती असे वायुग्रह, म्हणजे गुरू-शनीसारखे मोठे ग्रह, फार विरळ आहेत, त्यांचे तारे मंद आहेत आणि हुबेहूब अशीच खूण देणारे तोतये पुष्कळ आहेत. शिवाय ग्रहाची त्रिज्या, वस्तुमान, तापमान यांपैकी काहीच थेट मोजता येत नाही. सगळे ताऱ्याच्या पटीत कळते. ताऱ्याची त्रिज्या १० टक्क्यांनी चुकली की ग्रहाचीही तितकीच चुकते आणि घनता जवळपास ३० टक्क्यांनी. त्यामुळे खालच्या बहुतेक पायऱ्यांवर ग्रहाइतकेच ताऱ्याकडे लक्ष द्यावे लागते.

थोडी पार्श्वभूमी. लाल बटू ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९८ मध्ये ग्लीझ ८७६ भोवती सापडला आणि तो वायुग्रहच होता, पण अधिक्रमण न करणारा, म्हणजे आपल्याला ताऱ्यासमोरून जाताना न दिसणारा. तो ताऱ्याच्या डोलण्यावरून कळला. अधिक्रमण करणारे केप्लर-४५ बी आणि हॅट्स-६ बी अनुक्रमे २०१२ आणि २०१५ मध्ये जाहीर झाले. एप्रिल २०१८ मध्ये टेस ही अवकाश दुर्बीण उडाली आणि यादी वाढू लागली. नावातले ‘टीओआय’ म्हणजे टेसच्या उमेदवारांच्या यादीतला क्रमांक. टीओआय-५२०५ बी २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेतले शुभम कनोडिया आणि सहकाऱ्यांनी जाहीर केला. त्यांच्याच पुढाकाराने चाललेल्या ‘जेम्स’ (GEMS) सर्वेक्षणात सूर्यापासून २०० पार्सेकच्या (सुमारे ६५० प्रकाशवर्षांच्या) आतले असे सुमारे ४० ग्रह वस्तुमानासह जमवण्याचे उद्दिष्ट आहे.

ताऱ्यांची यादी

सुरुवात ताऱ्यांची स्थाने आणि अंतरे मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या सूचीपासून करा. ती सर्वांना खुली आहे. तीन चाळण्या लावायच्या. पहिली, लंबन (पृथ्वीच्या फेरीमुळे ताऱ्याचे दिसणारे सरकणे; जवळच्या ताऱ्याचे जास्त) ५ मिलिआर्कसेकंदांपेक्षा जास्त (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), म्हणजे अंतर २०० पार्सेकच्या आत. दुसरी, निळ्या आणि तांबड्या पट्ट्यांतल्या प्रतींचा फरक साधारण १.८ पेक्षा जास्त. (प्रत हे तेजाचे माप; आकडा मोठा तितका तारा मंद.) एम वर्गाचे, म्हणजे लाल, तारे इथून सुरू होतात. तिसरी, निरपेक्ष प्रत, म्हणजे अंतराचा परिणाम काढून उरणारे खरे तेज. नवखे लोक ही तिसरी चाळणी वगळतात, आणि मग यादीत तांबडे राक्षसी तारे घुसतात. रंग त्यांचाही लालच, पण त्रिज्या सूर्याच्या कितीतरी पट. हिशेब सोपा आहे: दिसणाऱ्या प्रतीत लंबनाच्या (मिलिआर्कसेकंदांतल्या) लॉगरिदमची पाचपट मिळवा आणि १० वजा करा. प्रत १५ आणि लंबन १० असेल तर उत्तर १० येते, म्हणजे तारा खात्रीने बटू. उत्तर साधारण ८ पेक्षा कमी आले की तो तारा बाजूला काढा.

गायाच्या सूचीत ‘रुवे’ नावाचा एक स्तंभ असतो. एकच तारा मानून केलेली जुळणी किती चांगली बसली, ते तो सांगतो. १.४ च्या वर गेला तर न दिसणारा जोडीदार असण्याची शंका घ्यावी. असा तारा लगेच टाकू नका, फक्त खूण करून ठेवा.

यादी किती मोठी हवी? टेसच्या ९१,३०६ कमी वस्तुमानाच्या ताऱ्यांवरच्या २०२३ च्या अभ्यासात, १० दिवसांच्या आत फेरी मारणारे वायुग्रह ०.१९४ टक्के ताऱ्यांभोवती असल्याचे निघाले, अनिश्चितता ०.०७२. त्यात कक्षेचा कोन योग्य असण्याची शक्यता सुमारे ९ टक्के धरा. म्हणजे साडेपाच हजार ताऱ्यांमागे एक. शंभर-दोनशे तारे निवडून हाती काही लागणार नाही. काम हजारोंच्या यादीवर आणि आपोआप चालणाऱ्या आज्ञावलीनेच होते.

प्रकाशवक्र काढणे

टेस आकाशाचा २४ बाय ९६ अंशांचा एकेक पट्टा सुमारे २७ दिवस न्याहाळते. बहुतेक लाल बटू तारे मंद असल्याने त्यांच्यासाठी खास जलद मोजणी झालेली नसते. त्यांचा प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या प्रकाशाचा आलेख, पूर्ण चौकटींच्या प्रतिमांमधून काढावा लागतो. सुरुवातीच्या दोन वर्षांत या प्रतिमा दर ३० मिनिटांनी साठवल्या जात, नंतर १० मिनिटांनी, आणि सप्टेंबर २०२२ पासून २०० सेकंदांनी. टीओआय-५२०५ बीचे अधिक्रमण सुमारे ८० मिनिटांचे. जुन्या विदेत (डेटात) त्याचे दोन-तीनच बिंदू पडतात, नव्या विदेत चोवीस. जुनी विदा वापरायची असेल तर नमुना वक्रसुद्धा ३० मिनिटांच्या सरासरीने मोजा, नाहीतर अधिक्रमणाच्या कडा पसरट दिसतात आणि ताऱ्याची घनता खोटी निघते.

पायथनमधली ‘लाइटकर्व्ह’ ही मोफत आज्ञावली ताऱ्याभोवतीचा छोटा चौकोन कापून देते. ११ बाय ११ पिक्सेल पुरतात. टेसचा एक पिक्सेल २१ आर्कसेकंदांचा, म्हणजे ३ बाय ३ च्या झरोक्यात (ज्या पिक्सेलांतला प्रकाश मोजायचा तो भाग) आकाशाचा मिनिटभर आर्कचा तुकडा येतो. आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ तेवढ्यात डझनभर तारे सहज बसतात. झरोक्यातला निम्मा प्रकाश शेजाऱ्यांचा असेल तर घट निम्मी दिसते आणि ग्रहाची त्रिज्या १.४ पटीने कमी निघते. म्हणून गायाच्या सूचीतून झरोक्यातल्या प्रत्येक ताऱ्याचा वाटा काढा आणि वजा करा. गायाच्या स्थानांवरून हे आपोआप करणारी ‘टीजीएलसी’ ही प्रणाली मंद ताऱ्यांसाठी आमच्या मते सर्वांत भरवशाची.

यानंतर ताऱ्याचे स्वतःचे चढउतार सपाट करायचे. लाल बटू तारे फिरताना त्यांचे डाग समोर येतात-जातात, त्यामुळे वक्र काही टक्क्यांनी वरखाली होतो. सपाटीकरणाची खिडकी अधिक्रमणाच्या कालावधीच्या किमान तिप्पट ठेवा. दोन तासांच्या घटीसाठी आम्ही दिवसभराची खिडकी पसंत करतो. खिडकी छोटी झाली की आज्ञावली अधिक्रमणालाच चढउतार समजून पुसून टाकते.

सर्वांत जास्त ग्रह मात्र पुढच्या एका ओळीत हरवतात. विदा स्वच्छ करताना सरासरीपासून तीन-चार पट विचलनापेक्षा दूर गेलेले बिंदू काढून टाकण्याची सवय असते. सूर्यासारख्या ताऱ्यांवर ती निरुपद्रवी ठरते. इथे १४ प्रतीच्या ताऱ्याचा तासाभरातला गोंधळ साधारण ०.३ टक्के असतो आणि घट ७ टक्के. म्हणजे आख्खे अधिक्रमणच ‘खराब बिंदू’ म्हणून कापले जाते. काटछाट फक्त वरच्या बाजूने करा. खालच्या बाजूला हात लावू नका.

आवर्ती घट शोधणे

चौकोनी घट शोधणारी बीएलएस पद्धत इथे पुरेशी आहे. आवर्तनकाळ अर्ध्या दिवसापासून १३ दिवसांपर्यंत आणि घटीचा कालावधी अर्ध्या तासापासून तीन तासांपर्यंत ठेवा. २७ दिवसांत १३ दिवसांच्या ग्रहाची दोनच अधिक्रमणे येतात, त्यापुढे एकाच पट्ट्यातून काळ कळत नाही. तसे ग्रह नसतात असे नाही. टीओआय-१८९९ बी २९ दिवसांचा आहे आणि पहिल्यांदा त्याचे एकच अधिक्रमण दिसले होते. म्हणून एकट्या खोल घटींचीही वेगळी यादी ठेवावी.

शोध लावण्याआधी आज्ञावलीची परीक्षा घ्या. खऱ्या वक्रांत खोटी अधिक्रमणे मिसळा, वेगवेगळ्या त्रिज्या आणि काळांची, आणि त्यातली किती परत सापडतात ते पाहा. वरची काटछाटीची चूक इथेच उघडी पडते. शिवाय ‘किती ताऱ्यांभोवती ग्रह आहेत’ या प्रश्नाचे उत्तर या परीक्षेशिवाय देताच येत नाही.

तोतये

या कामाचा गाभा इथे आहे. कारण निसर्गाने एक गोची करून ठेवली आहे: गुरू, तपकिरी बटू (ग्रह आणि तारा यांच्या मधल्या वस्तुमानाचे गोळे) आणि अगदी लहान लाल बटू तारे यांच्या त्रिज्या जवळपास सारख्याच असतात. गुरूच्या ८० पट वस्तुमानाचा तारासुद्धा गुरूएवढाच दिसू शकतो. त्यामुळे त्रिज्येवरून ग्रह सिद्ध होत नाही. वस्तुमान मोजेपर्यंत तो उमेदवारच राहतो.

वस्तुमान मोजणे महागडे आहे, म्हणून आधी स्वस्त परीक्षा.

सम आणि विषम घटी वेगळ्या करून त्यांची खोली तुलना करा. फरक दिसला तर ते दोन तारे एकमेकांना आलटून-पालटून झाकत आहेत आणि खरा काळ दुप्पट आहे.

मग अर्ध्या फेरीवर दुय्यम घट शोधा, म्हणजे जोडीदार ताऱ्यामागे लपताना होणारी घट. टीओआय-५२०५ बीचे तापमान ७४० केल्व्हिनच्या आत आहे. टेसच्या ६०० ते १००० नॅनोमीटरच्या पट्ट्यात त्याचा स्वतःचा प्रकाश शून्यच धरावा. परावर्तित प्रकाश पूर्ण धरला तरी दहा हजारांत सहा भाग. म्हणजे टेसच्या वक्रात हजारात दोन-तीन भागांची दुय्यम घट ठामपणे दिसली, तर जोडीदार स्वतः चमकणारा आहे. तिथे थांबा. मात्र ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असेल तर दुय्यम घट बरोबर मध्यावर येत नाही, म्हणून सगळी फेरी धुंडाळा.

घटीच्या आकाराबद्दल एक सावधगिरी. सूर्यासारख्या ताऱ्यांवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी टोकदार घट दिसली की द्वैती तारा (एकमेकांभोवती फिरणारी ताऱ्यांची जोडी) म्हणून ती बाजूला ठेवतात. इथे तो नियम चालत नाही. ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या चौथ्या हिश्शाहून मोठी असली की ताऱ्याच्या कडेवरून आत शिरायलाच त्याला बराच वेळ लागतो, आणि खरे अधिक्रमणही टोकदार दिसते. एनजीटीएस-१ बी तर ताऱ्याच्या कडेला घासून जातो. त्याची घट टोकदारच आहे आणि त्याची त्रिज्या त्यामुळेच नीट ठरत नाही. केवळ आकारावरून किंवा केवळ खोलीवरून उमेदवार फेकणाऱ्या चाळण्या या ताऱ्यांवर लावू नयेत.

शेवटी, घट नक्की कोणत्या पिक्सेलमध्ये होते ते पाहा. घटीच्या आतल्या आणि बाहेरच्या प्रतिमांची वजाबाकी केली की उरणारा ठिपका आपल्या ताऱ्यावरच हवा. तो पिक्सेलभर सरकलेला असेल तर दोषी शेजारी आहे.

जमिनीवरून अधिक्रमण टिपणे

७ टक्क्यांची घट पकडायला मोठी दुर्बीण लागत नाही. आठ ते अकरा इंची आरसा, थंड केलेला सीमॉस कॅमेरा आणि मागोवा नीट घेणारी बैठक एवढ्यावर हे होते. त्यामुळे महाराष्ट्रातल्या हौशी निरीक्षकांना इथे खरेखुरे काम आहे. टीओआय-५२०५ ची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) +२४ अंश आहे. पावसाळा संपून आकाश धुतलेले असते तेव्हा, ऑक्टोबरातल्या संध्याकाळी, तो आपल्याकडे जवळपास डोक्यावर असतो. हॅट्स-६ शशक समूहात, −१९ अंशांवर. डिसेंबर-जानेवारीत तो ५० अंशांपर्यंत वर येतो आणि त्याची घट ३ टक्क्यांच्या वर आहे. आधी या सिद्ध ग्रहांवर हात बसवा, मग उमेदवारांकडे वळा.

गाळणी (फिल्टर) लाल घ्या. टीओआय-५२०५ दृश्य पट्ट्यात सोळाव्या प्रतीच्या आसपास आहे, पण आय, म्हणजे अवरक्ताजवळच्या, पट्ट्यात बराच तेजस्वी. ३४३० केल्व्हिनच्या ताऱ्याचा सर्वाधिक प्रकाश ०.८५ मायक्रॉनजवळ पडतो. गाळणीशिवाय काम करू नका. तुलनेचे तारे बहुतेक निळसर असतात. ते क्षितिजाकडे उतरताना वातावरण त्यांचा प्रकाश आपल्या लाल ताऱ्यापेक्षा वेगाने शोषते आणि वक्राला खोटा उतार येतो. शक्य तितके लाल तुलनातारे, सहा ते दहा, शोधून ठेवा. आणि तारा ३० अंशांपेक्षा खाली गेला की थांबा.

प्रत्येक छायाचित्र ६० ते १२० सेकंदांचे. एकेका बिंदूचे विखुरणे १ टक्क्याच्या जवळ आले की पुरे. ८० मिनिटांत चाळीस बिंदू मिळतात आणि ७ टक्के घट स्वच्छ दिसते. तारा आणि तुलनातारे कॅमेऱ्याच्या कमाल मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास ठेवा. अधिक्रमणाच्या आधी आणि नंतर किमान ४५ मिनिटे हवीतच; त्या सपाट भागाशिवाय खोली मोजता येत नाही. तारा रात्रभर त्याच पिक्सेलांवर राहायला हवा. तो सरकला तर फ्लॅट प्रतिमांतली प्रत्येक धूळ वक्रात उतरते. डार्क (झाकण लावून घेतलेल्या) आणि फ्लॅट (एकसारख्या उजेडाच्या) प्रतिमा त्याच रात्री, त्याच तापमानाला घ्या.

मोजणीसाठी ‘ॲस्ट्रोइमेजजे’ मोफत मिळते. झरोक्याची त्रिज्या तारा-ठिपक्याच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट ठेवा. पाच-सहा वेगवेगळ्या त्रिज्या वापरून बघा. खोली झरोक्याबरोबर बदलत असेल तर शेजारचा तारा आत येतो आहे.

वेळ ही सर्वांत जास्त बिघडणारी गोष्ट. संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून किंवा जीपीएसवरून जुळवा. मग ती वेळ सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राशी आणून टीडीबी या खगोलशास्त्रीय कालमापनात बदला. पृथ्वीच्या भ्रमणामुळे प्रकाश ८ मिनिटांपर्यंत लवकर किंवा उशिरा पोचतो आणि टीडीबी सध्या यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपेक्षा ६९ सेकंदांनी पुढे आहे. टेसच्या वेळा ज्युलियन दिनांकातून (दिवसांच्या सलग मोजणीतून) २४,५७,००० वजा करून छापलेल्या असतात, हेही विसरू नका. यातली कुठलीही पायरी निसटली की ग्रह ‘उशिरा आला’ असे वाटते.

या निरीक्षणाचा उपयोग दुहेरी. छोट्या दुर्बिणीचा झरोका पाच-सहा आर्कसेकंदांचा असतो, त्यामुळे टेसच्या २१ आर्कसेकंदांत मिसळलेले शेजारी वेगळे होतात. आणि वेगवेगळ्या रंगांत घट घेता येते. अपारदर्शक ग्रह सगळ्या रंगांत जवळपास सारखाच प्रकाश झाकतो. मागे लपलेली दुसऱ्या रंगाची द्वैती जोडी असेल तर हिरव्या आणि अवरक्त पट्ट्यांतल्या खोलीत मोठा फरक पडतो. हिरव्या पट्ट्यात लाल बटू दोन-तीन प्रतींनी मंद असल्याने तिथे मोठा आरसा लागतो. पुण्याच्या आयुकाची गिरवली येथील २ मीटरची, लडाखमधल्या हान्लेची २ मीटरची किंवा नैनितालजवळच्या देवस्थळची ३.६ मीटरची दुर्बीण अशा कामाला योग्य. देवस्थळला मुंबईच्या टीआयएफआरच्या सहभागातून बनलेला टॅनस्पेक हा ०.५५ ते २.५ मायक्रॉनचा वर्णपटमापकही आहे. ताऱ्याचा उपवर्ग ठरवायला तो कामी येतो.

वस्तुमान

जोडीदाराच्या ओढीने तारा पुढेमागे डोलतो. वर्णपटातल्या रेषा किती सरकतात त्यावरून हा वेग कळतो आणि वेगावरून जोडीदाराचे वस्तुमान. पहिले दोन वर्णपट अधिक्रमणापासून फेरीच्या पाव आणि पाऊण टप्प्यावर घ्या, कारण तिथे वेगातला फरक सर्वाधिक असतो. टीओआय-५२०५ सारख्या कक्षेत ८० गुरूंचा जोडीदार असेल तर तारा सेकंदाला वीसेक किलोमीटरने पुढेमागे होईल. साधा वर्णपटमापकही हे पकडतो आणि बहुतेक तोतये इथेच उघडे पडतात.

जे उरतील त्यांच्यासाठी वेगाचा झोका, म्हणजे ताऱ्याचा डोलण्याचा कमाल वेग, आधीच काढून ठेवा. २८.४ मीटर प्रतिसेकंद घ्या. त्याला ग्रहाच्या वस्तुमानाने (गुरूच्या पटीत) गुणा, ताऱ्याच्या वस्तुमानाच्या (सूर्याच्या पटीत) दोन-तृतीयांश घाताने भागा आणि काळाच्या (वर्षांत) एक-तृतीयांश घाताने भागा. टीओआय-५२०५ बीसाठी १.०८ गुरू, ०.३९२ सूर्य आणि १.६३ दिवस घातले की सुमारे ३४८ येतात; निरीक्षणातही जवळपास तेवढेच आले. दर बिंदूची अचूकता ४० मीटर आणि बिंदू १२ असतील, तर झोक्यातली अनिश्चितता ४० गुणिले दोन-भागिले-बाराचे वर्गमूळ, म्हणजे १६ मीटर. वस्तुमान ५ टक्क्यांच्या आत. एवढ्यासाठी पन्नास बिंदू मागायची गरज नाही. दुर्बिणीचा वेळ दुसऱ्या उमेदवाराला द्यावा.

अडचण प्रकाशाची. दृश्य पट्ट्यात चालणारी यंत्रे तेजस्वी ताऱ्यांवर उत्तम, पण या ताऱ्यांचा प्रकाश तिथे पोचतच नाही. माउंट अबूचा पारस-२ हा वर्णपटमापक त्यामुळे या यादीसाठी क्वचितच वापरता येतो. इथे टेक्सासच्या १० मीटर हॉबी-एबर्ली दुर्बिणीवरचा एचपीएफ हा अवरक्त वर्णपटमापक लागतो. तो ८१० ते १२८० नॅनोमीटरमध्ये पाहतो. त्याच्या उभारणीत काम केलेले जो निनान आता टीआयएफआरमध्ये आहेत. स्पेनमधला कार्मेनेस आणि हवाईतला मारून-एक्स ही तशीच यंत्रे. अवरक्त पट्ट्यात पृथ्वीच्या हवेतल्या बाष्पाच्या रेषा ताऱ्याच्या रेषांवर येतात. त्या झाकल्या नाहीत तर वेगात वर्षभराच्या आवर्तनाचा खोटा झोका दिसतो.

वेगाबरोबर ताऱ्याच्या सक्रियतेची खूणही मोजा, विशेषतः हायड्रोजनची अल्फा रेषा. शेकडो मीटरच्या झोक्यावर डागांचा परिणाम किरकोळ, पण टीओआय-६८९४ बीसारख्या शनीपेक्षाही हलक्या ग्रहाला तो महागात पडतो. त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या ५३ पट आहे.

ताऱ्याचे माप

लाल बटू ताऱ्यांसाठी सूर्यासारख्या ताऱ्यांचे उत्क्रांतीचे नमुने जसेच्या तसे वापरू नका. ते त्रिज्या काही टक्क्यांनी कमी सांगतात. अँड्र्यू मान आणि सहकाऱ्यांनी बसवलेले संबंध वापरा: २.२ मायक्रॉनच्या के पट्ट्यातली निरपेक्ष प्रत घातली की वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही ३ टक्क्यांच्या आसपास अचूक मिळतात.

मग पडताळा. अधिक्रमणाचा कालावधी आणि आवर्तनकाळ यांतून ताऱ्याची घनता स्वतंत्रपणे निघते. टीओआय-५२०५ साठी वस्तुमान ०.३९२ आणि त्रिज्या ०.३९४, म्हणजे घनता सूर्याच्या ६.४ पट, दर घनसेंटीमीटरला ९ ग्रॅम. वक्रातून याच्या जवळपास आकडा यायला हवा. २ किंवा ३ आला तर घट दुसऱ्या, मोठ्या ताऱ्यावर होते आहे किंवा कक्षा लांबट आहे. ही तुलना फुकट आहे आणि तरीही पुष्कळदा राहून जाते.

शेवटच्या जुळणीत टेसचा वक्र, जमिनीवरचे वक्र आणि वेग एकत्र घाला. प्रत्येक दुर्बिणीसाठी मिसळलेल्या प्रकाशाचा वेगळा चलघटक ठेवा. ताऱ्याच्या कडेच्या अंधुकपणाचे गुणांक तक्त्यातून आणून गोठवू नका, सैल ठेवा. थंड ताऱ्यांच्या वर्णपटातले रेणूंचे पट्टे नमुन्यांना अजून नीट जमत नाहीत.

आकड्यांवरून काय कळते

गाभा-संचयाच्या कल्पनेनुसार आधी पृथ्वीच्या दहाएक पट जड गाभा बनतो आणि मग तो वायू ओढतो. तेही काही दशलक्ष वर्षांत, नव्या ताऱ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या चकतीतला वायू उडून जाण्याआधी. पण लहान ताऱ्यांच्या चकत्यांत धूळच कमी असते. टीओआय-६८९४ चे वस्तुमान सूर्याच्या जेमतेम एक-पंचमांश, आणि त्याच्या ग्रहात जड मूलद्रव्ये (हायड्रोजन आणि हेलियमहून जड) पृथ्वीच्या सुमारे १२ पट असावीत असा अंदाज आहे. एवढे द्रव्य एका ग्रहात गेले कसे? एक उत्तर असे की चकत्या अगदी लहान वयात, आपण मोजतो त्याच्या आधी, बऱ्याच जड असाव्यात. दुसरे असे की जड चकती स्वतःच्या गुरुत्वाने फुटून ग्रह थेट बनत असावा. जीजे ३५१२ बी या २०१९ च्या शोधाने ही दुसरी शक्यता पुढे आणली. सूर्याच्या १२ टक्के वस्तुमानाच्या ताऱ्याभोवती किमान ०.४६ गुरू! आमचा कल पहिल्या उत्तराकडे आहे, पण अधिक्रमण करणाऱ्या दोन-चार ग्रहांवरून निकाल लागणार नाही. म्हणूनच ४० ची यादी हवी.

वातावरण

हे ग्रह ताऱ्याला चिकटून असूनही कोमट आहेत. ताऱ्याचे तापमान घ्या आणि त्याला ताऱ्याची त्रिज्या भागिले दुप्पट अंतर याच्या वर्गमूळाने गुणा. टीओआय-५२०५ बी ७३५ केल्व्हिनच्या आसपास येतो, टीओआय-६८९४ बी ४२०. सूर्यासारख्या ताऱ्यांजवळचे गुरू बहुधा १००० च्या वर असतात. कमी तापमानात कार्बन मिथेनच्या रूपात टिकतो, म्हणून शोधही मिथेनचा.

ताऱ्याची छोटी त्रिज्या इथेही कामाला येते. टीओआय-५२०५ बीच्या वातावरणाची मापउंची (ज्या उंचीगणिक हवेचा दाब सुमारे २.७ पटीने घटतो ती) हायड्रोजनप्रधान हवा धरून सुमारे १०५ किलोमीटर निघते. एवढ्या जाडीच्या थराने घट दहा लाखांत २०० भागांनी वाढते. तोच ग्रह, त्याच तापमानाचा, सूर्याएवढ्या ताऱ्यासमोर असता तर हा आकडा साडेसहा पटीने कमी असता. जेम्स वेब दुर्बिणीच्या नीरस्पेक यंत्रातला प्रिझम ०.६ ते ५.३ मायक्रॉन एका दमात घेतो. तेजस्वी तारे त्याला चालत नाहीत, कॅमेरा भरून वाहतो. हे मंद तारे मात्र त्याच्या नेमक्या मापाचे.

खरा शत्रू डाग. समजा ताऱ्याचा १० टक्के भाग डागांनी व्यापला आहे आणि ग्रह त्यांवरून जात नाही. डाग लाल पट्ट्यात उरलेल्या पृष्ठाच्या निम्मे तेजस्वी असतील तर ७ टक्क्यांची घट ७.३७ दिसते. अवरक्तात ते ८० टक्के तेजस्वी, म्हणून घट ७.१४. दोन रंगांतला फरक दहा लाखांत २३००. वातावरणाच्या एका मापउंचीच्या दहापटीहून जास्त. टीओआय-५२०५ बीच्या वेब निरीक्षणांत नेमके हेच झाले. ताऱ्याचा प्रभाव ठळक दिसला. तो वेगळा केल्यावर मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड मिळाले आणि वातावरणात जड मूलद्रव्ये अपेक्षेपेक्षा कमी निघाली.

म्हणून एकाच अधिक्रमणावर निष्कर्ष काढू नका, किमान दोन-तीन घ्या. डागांचे क्षेत्र आणि तापमान वर्णपटाच्या जुळणीतच चलघटक म्हणून ठेवा. ग्रह डागावरून गेला तर घटीच्या तळाशी छोटा उंचवटा दिसतो. तो पुसू नका. डागाच्या तापमानाचे ते थेट मोजमाप आहे.

वेळापत्रक ताजे ठेवणे

टेसच्या एकाच पट्ट्यातून काढलेल्या काळात १० सेकंदांची चूक सहज असते. तीन दिवसांचा ग्रह तीन वर्षांत ३६५ फेऱ्या मारतो आणि चूक तासाभराची होते. मोठ्या दुर्बिणीचा वेळ अशा अंदाजावर मागता येत नाही. तीन वर्षांनी कुणी अकरा इंची दुर्बिणीने अधिक्रमणाचा मध्य दीड मिनिटाच्या अचूकतेने टिपला, तर काळातली चूक पाव सेकंदापर्यंत खाली येते. पहिल्यांदा शोधताना अंदाजाच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन तास जास्त घ्या. घट दिसली नाही तरी तो वक्र ठेवा. त्या वेळेत ग्रह नव्हता, हीसुद्धा मर्यादाच.

नोंद पाठवताना मध्याची वेळ टीडीबीत आणि अनिश्चिततेसह द्या. गाळणी, झरोक्याची त्रिज्या, तुलनाताऱ्यांची गायातली क्रमांकयादी आणि कच्चे बिंदूही जोडा. नोंद पाठवायची ठिकाणे: उमेदवारांसाठी एक्सोफॉप हे संकेतस्थळ, सिद्ध ग्रहांसाठी एक्झोप्लॅनेट ट्रान्झिट डेटाबेस. कच्चे बिंदू जोडले नाहीत तर पुढच्या जुळणीत ती रात्र वापरता येत नाही.